तिसरं पेडल

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. दुपारी ४.

आजपासून रोजनिशी. कारण एकच. सूड.

पुढे विसरायला नको म्हणून सगळं लिहून ठेवतो. आज सकाळी अकरा वाजता, धुळ्याच्या देवपुरात, माझ्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या बरोब्बर समोर, हिलालने स्वतःचं स्कूल उघडलं. मध्ये फक्त रस्ता. माझी पाटी: 'विजयपथ. स्थापना २००१. संचालक चुडामण सर.' त्याची पाटी: 'डावीकडून शिका, उजवीकडून शिका. आखातात जाणाऱ्यांची खास सोय.' पाटी माझ्यापेक्षा दीड फूट मोठी. मुद्दाम.

हा हिलाल २००९ साली माझ्याकडेच गाडी शिकला. मग मस्कतला गेला, चौदा वर्षं तिथे ट्रेलर चालवला आणि आता माझ्या छातीवर येऊन बसला. शिंदखेड्याहून मामाची जुनी जीप आणलीय. लष्कराच्या लिलावातली, स्टेअरिंग डाव्या बाजूला. मस्कतला सगळ्या गाड्या अशाच असतात म्हणे. म्हणून जाणाऱ्यांना इथेच सवय लावून देणार.

उद्घाटनाला मला बोलावलं, शाल दिली. मी मोठ्या मनाने घेतली. मग माईक हातात घेऊन सत्तर-ऐंशी लोकांसमोर म्हणाला, "सरांनी मला शिकवलं असं सगळे म्हणतात. खरं सांगू का, गाडी सरच चालवायचे. डाव्या सीटवर बसून. मी उजवीकडे नुसता बसायचो. मस्कतला पहिल्यांदा डावीकडे स्टेअरिंग बघितलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपल्या सरांची जागा."

लोक हसले. हेमलता, म्हणजे माझी धर्मपत्नी, तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. घरी विचारलं तर म्हणे ठसका लागला होता.

तळपायाची आग मस्तकात गेलीय. शाल परत करावी का? नको. चांगली आहे. पण याचे दात याच्याच घशात घातले नाहीत तर नावाचा चुडामण नाही.


३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.

डोकं शांत. आता माझी पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे त्याच्या आरोपात दम नाही हे माझं मलाच दिसेल.

ट्रेनिंगच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. सगळ्यांच्याच गाडीत असतात. माझ्या गाडीत तिसरं पेडलही आहे. ॲक्सिलरेटर. २००१ साली जळगावच्या एका फिटरकडून खास बसवून घेतलंय. धुळ्यात दुसरं नाही. शिवाय स्टेअरिंगला माझा उजवा हात असतो, आणि गिअर टाकायची वेळ आली की तोच हात गिअरवर. शिकणाऱ्याला कसलंही टेन्शन नाही. चोवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून गाडी बंद पडलेली नाही. एकाही. याला शिकवणं म्हणतात.

लायसनच्या टेस्टला मी शेजारी नसतो, त्यामुळे त्या निकालाशी माझा संबंध नाही. उलट बरेच जण नापास झाले की पुन्हा माझ्याकडेच येतात. दोनदा, तीनदा. इतका जीव लावतात.

सुडाचा कार्यक्रम, तीन टप्पे:
एक, विचाराने हरवणे.
दोन, कायद्याने हरवणे.
तीन, रस्त्यावर हरवणे.

संकल्प: त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. सध्या विद्यार्थी अकरा.


५ फेब्रुवारी, बुधवार.

टप्पा एक. अभ्यास. स्टेअरिंग उजवीकडेच का? मुद्दे काढले. आपण जेवतो उजव्या हाताने. आरती उजव्या हाताने. नवी नवरी घरात येते ती उजवं पाऊल टाकून. पूर्वीचे घोडेस्वार रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचे, म्हणजे समोरून येणाऱ्यावर उजव्या हाताने तलवार चालवता यायची. म्हणजे ही शूरांची पद्धत. डावीकडे बसणारे कोण? ज्यांच्याकडे तलवारी नव्हत्या ते.

हेमलताला वाचून दाखवलं. तिने विचारलं, आपल्या गाडीत उजवीकडे बसल्यावर गिअर कुठल्या हाताने टाकतात? डाव्या. मग उजव्या हाताचं कौतुक कशाला? म्हणाली आणि मेथी निवडायला लागली. तिला विषयाची खोली नाही.


९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.

ज्येष्ठ नागरिक संघात जाहीर चर्चा ठेवली. विषय मीच दिला: 'स्टेअरिंग डावीकडे की उजवीकडे?' समोर हिलाल. (नाव लिहिलं. लिहिणं म्हणजे तोंडातून काढणं नव्हे.) अध्यक्ष सुकलाल आबा, वय ब्याऐंशी, अजून स्वतः शेत बघतात.

मी चाळीस मिनिटं बोललो. तलवारीच्या मुद्द्याला टाळ्या पडल्या. दोन.

तो चार मिनिटं बोलला. म्हणे यात थोर-हलकं काही नाही. चालवणारा रस्त्याच्या मध्याकडे बसला पाहिजे, म्हणजे समोरून येणारा त्याला दिसतो. आपण डाव्या बाजूने जातो म्हणून उजवीकडे बसायचं. तिकडे उजव्या बाजूने जातात म्हणून डावीकडे. एवढंच. डावीकडच्या स्टेअरिंगने आपल्या हायवेवर ओव्हरटेक करताना पुढचं नीट दिसत नाही, म्हणून तो जीप हायवेवर शिकवायला काढत नाही, नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यांवर शिकवतो. तिथपर्यंत नेतानाही उजवीकडे माणूस बसवतो. हेही स्वतःच सांगितलं. माझा सगळ्यात जालीम मुद्दा त्यानेच आधी बोलून टाकला. हलकट.

मग सुकलाल आबा उठले. म्हणाले, "आमना ट्रॅक्टरनं स्टेरिंग मझार शे. तेन्हं काय करशात?"

मधे. ना डावीकडे, ना उजवीकडे. पुढचा पाऊण तास सगळा संघ ट्रॅक्टरवरच बोलत होता. शेवटी ट्रॅक्टर विजयी झाला आणि चहा आला.

तरी नीट बघितलं तर हिलाल जिंकला नाही. म्हणजे पहिला टप्पा माझाच.


१२ फेब्रुवारी, बुधवार.

शत्रूच्या गोटात माणूस हवा. अभिमनला पाठवतोय. माझा जुना मित्र, कृषी खात्यातून रिटायर. माझ्याकडे तीनदा कोर्स केलाय, म्हणजे त्याला नवीन काही शिकायचं नाही, फक्त बघायचं आहे. तिकडे नाव घालायचं, रोज बसायचं आणि संध्याकाळी मला रिपोर्ट द्यायचा.

अभिमन लगेच तयार झाला. जरा जास्तच लगेच.


१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

सापडलं. टप्पा दोन. काल जळगावला लग्नाला गेलो होतो. येताना स्टँडजवळच्या दुकानात मोटार कायद्याचं पुस्तक दिसलं. उभ्या उभ्या चाळलं. साफ लिहिलंय: डाव्या हाताचं स्टेअरिंग असलेलं वाहन कुणीही सार्वजनिक ठिकाणी चालवू नये. पान तिथे संपत होतं आणि बसही सुटत होती. पण एवढं बास झालं.

आज तक्रार टाइप केली. तीन पानं. 'सदर इसम' असं लिहिलंय, त्यात जरब असते. शेवटी विनंती: जीप जप्त करावी, आणि तपासणी करायची झाल्यास परिसरातील सर्व ट्रेनिंग स्कूलची करावी, म्हणजे खरं-खोटं एकदाच उघडं होईल. हे शेवटचं वाक्य फार वजनदार झालंय. हेमलता म्हणाली ते काढा. मी अधोरेखित केलं.

अभिमनचा रिपोर्ट: हिलालच्या साध्या गाडीत डावीकडे फक्त क्लच-ब्रेक आहेत आणि तो त्यांना पायही लावत नाही. हाताची घडी घालून बसतो आणि तोंडाने सांगतो. जीपमध्ये तर शिकवणाऱ्यापुढे काहीच नाही. आळशी माणूस.


२६ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.

काल इन्स्पेक्टर साहेब आले होते. काल लिहायची इच्छा नव्हती.

आधी समोर गेले. मी माझ्या दारात खुर्ची टाकून बसलो, मजा बघायला. साहेबांनी जीप बघितली, कागद बघितले, इंडिकेटर चालू करायला लावले. डावा, उजवा, पुढचा, मागचा. सगळे पेटले. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि सांगितलं की ते वाक्य पुढच्या पानावर पूर्ण होतं. सिग्नल देण्याचं साधन चालू असल्याशिवाय चालवू नये, असं आहे. त्याचं चालू आहे. विषय संपला.

कायदा लिहिणाऱ्यांनी वाक्य एका पानावर मावेल एवढं लिहावं. सामान्य माणसाची फसवणूक आहे ही.

मग साहेब म्हणाले, तुमच्या अर्जात सर्व स्कूल तपासा असं आहे, अधोरेखितही केलंय, तर तुमची गाडी बघू. खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. विचारलं हे तिसरं काय. मी सविस्तर समजावलं, जळगावच्या फिटरचं नावही सांगितलं. साहेब म्हणाले हे मंजूर नाही, सात दिवसांत काढा, नाहीतर स्कूल बंद. आणि तुमचा मागचा डावा इंडिकेटर लागत नाही.

हिलाल रस्त्यापलीकडून बघत होता. हसला नाही. न हसणं हा जास्त मोठा अपमान आहे. तोही हिशेबात धरलाय.


१ मार्च, शनिवार. सकाळी १०.

पेडल काढलं. फिटर म्हणाला जागा रिकामी दिसेल, रबर लावू का. नको म्हटलं. जखम दिसू दे.

संकल्प: एका पेडलने काही फरक पडत नाही हे दाखवून देणार. चोवीस वर्षांचं शिकवणं लोखंडाच्या एका तुकड्यात नसतं.


३ मार्च, सोमवार. दुपारी १.

फरक पडला.

सुलक्षणा मॅडमचा आज एक्केचाळिसावा दिवस. प्राथमिक शाळेत शिक्षिका, माझ्या सध्याच्या बॅचमधल्या सगळ्यात हुशार. नवी गाडी बुक केलीय, येत्या महिन्यात स्वतः चालवत शाळेत जाणार, वर्गातल्या पोरांना सांगूनही ठेवलंय. त्यांना मी पांझरेच्या पुलावर घेतलं. गाडी बंद पडली. चालू केली. पुन्हा बंद. पुलावर नऊ वेळा. मागे रिक्षावाले, दूधवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांचे हॉर्न. एक रिक्षावाला बाजूने जाताना म्हणाला, ओ गुरुजी, उतरून ढकला आता.

मी म्हणत होतो, मॅडम, रेस द्या, रेस द्या. त्या म्हणाल्या, कशी देतात? मी म्हटलं, देतात तशी.

पूल संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, म्हणजे ती तिथेच दहाव्यांदा बंद पडली होती. माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "सर, मग चाळीस दिवस मी करत होते ते काय होतं?"

मी म्हटलं, इंजिन गार आहे.

मार्च महिना. धुळं. दुपार.


७ मार्च, शुक्रवार.

विद्यार्थी चार.

सुलक्षणा मॅडम समोर गेल्या. त्यांच्यामागे आणखी सहा. रजिस्टर हेमलता ठेवते. नावं खोडताना पट्टी लावून सरळ रेघ मारते. म्हटलं, एवढं नीट कशाला खोडतेस? म्हणाली, अजून खोडायची आहेत, पान घाण होईल.

खरं कारण उघड आहे. त्याने लोकांना फितवलंय. सरकारी पत्र आणून माझा हात कापला. तक्रार मी केली होती हे खरं, पण मला तक्रार करायला भाग कुणी पाडलं?

घोकून ठेवतो: एकेक हिशेब चुकता करीन.


१२ मार्च, बुधवार. सकाळी ९.

अभिमनचे रिपोर्ट आठ दिवस बंद होते. आज सकाळी दारात हॉर्न वाजला. बाहेर आलो तर अभिमन. आपल्या जावयाच्या गाडीत. उजव्या सीटवर. शेजारी कुणी नाही. गल्लीतून रिव्हर्स घेऊन दाखवली, वळवली, चढावर थांबवून पुन्हा उचलली. म्हणाला, चुडामणनाना, तुमच्यामुळेच हे झालं, तुम्हीच तिकडे पाठवलं.

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. माझ्याही होतं, पण रागाचं.

त्याला चहा दिला नाही. हेमलताने दिला.


१८ मार्च, मंगळवार. दुपारी १२.

विद्यार्थी शून्य.

शेवटचा गेला तो सांगूनही गेला नाही, समोरच्या रस्त्यावर हिलालच्या गाडीत दिसला. मला बघून खाली वाकला. गाडी सरळच जात होती.

आता टप्पा तीन. आज रस्ता ओलांडला, त्याच्या ऑफिसात चार लोक बसले असताना जाहीर आव्हान दिलं. रविवारी, नरडाणा एमआयडीसी, सकाळी आठ. साक्षीला ज्येष्ठ नागरिक संघ. दोन फेऱ्या. पहिली माझ्या गाडीतून, उजवीकडून: मी दाखवणार गाडी कशी चालवतात. दुसरी त्याच्या जीपमधून, डावीकडून, चालवणार मीच. उजवीकडची सरस ठरली तर मी जिंकलो. हरलो तर विजयपथची पाटी मी स्वतःच्या हाताने उतरवीन. जिंकलो तर त्याने जीप विकायची.

तो म्हणाला, सर, कशाला? मी म्हटलं, घाबरलास?

मग तो रविवारी यायला हो म्हणाला.

माझा डाव कुणालाच कळलेला नाही. पहिली फेरी लोण्यासारखी जाणार. दुसरीत जीप मी मुद्दाम गडबडवणार. गिअर चुकवणार, दोन-तीनदा बंद पाडणार, वळणावर कडेला घालणार. चोवीस वर्षांच्या अनुभवी माणसाचीही तिथे ही दशा होते म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजतील. खोट माणसात नाही, जागेत आहे. मग डावीकडून शिकायला जाणार कोण?

हा डाव सुचला तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. हेमलता आतून येऊन बघून गेली.


२० मार्च, गुरुवार.

हेमलता म्हणते आधी एकदा चालवून बघा. तुम्ही उजवीकडे शेवटचे कधी बसला होतात?

आठवून बघितलं. आपली गाडी घ्यायला गेलो होतो तेव्हा असणार. त्यानंतर बाजार, लग्नं, दवाखाना, सगळीकडे विद्यार्थीच चालवत आले. मी शेजारी. पण हा प्रश्नच चुकीचा आहे. पोहायला शिकवणारा काठावर उभा असतो, म्हणून काय त्याला पोहता येत नाही?

प्रॅक्टिस नवशिक्यांसाठी असते. गाडी धुऊन घेतली. इंडिकेटर दुरुस्त केला.


२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५.

सगळी तयारी झाली. पांढरा शर्ट इस्त्री केला. जिंकल्यावर करायचं भाषण लिहिलं, सव्वा पान. त्यात हिलालला माफ करायचा परिच्छेद घातला होता, नंतर खोडला. माफी नाही.


२३ मार्च, रविवार. दुपारी ३.

लिहितो. जे झालं ते तसंच लिहितो. वाचणारा मीच आहे.

नरडाण्याला जाताना गाडी अभिमनने चालवली. मी डावीकडे, मार्गदर्शनाला. मार्गदर्शनाची गरज पडली नाही. अठरा ज्येष्ठ नागरिक टेम्पो करून आले होते. सुलक्षणा मॅडमही होत्या. स्वतःच्या नव्या गाडीतून आल्या होत्या. एकट्या.

पहिली फेरी. मी उजवीकडे बसलो. डावी सीट रिकामी. जागा अनोळखी वाटली, भाड्याच्या घरात पहिल्या दिवशी वाटतं तशी. क्लच दाबला. गिअर टाकायला उजवा हात नेला. खिडकीची काच खाली आली. पुन्हा नेला. काच आणखी खाली. लोकांना वाटलं मी काही बोलणार आहे, ते जवळ आले. मी हात दाखवला. मग डाव्या हाताने गिअर शोधला. तो हात चोवीस वर्षं माझ्या मांडीवर पडून आहे, त्याला काही माहीत नाही. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा उचलली. पण समोरचं काही जवळ येईना. सुकलाल आबा काठी टेकत शेजारून चालत होते. खिडकी उघडीच होती. त्यांनी वाकून शांतपणे सांगितलं, "चुडामणभाऊ, गाडी मांगे जाई ऱ्हायनी."

मी ब्रेक मारेपर्यंत बाभळीने मारला होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मनाला म्हटलं, हरकत नाही, दुसरी फेरी बाकी आहे. तिथे तर गडबडवायचीच आहे. आता तर सरावही झालाय.

जीपमध्ये चढलो. डावीकडे. बसलो, आणि काय सांगू, पाठ आपोआप टेकली. गिअर उजव्या हातापाशी. पेडलं पायापाशी. तिन्ही. स्टेअरिंग पहिल्यांदा दोन्ही हातांत पूर्ण आलं. ठरल्याप्रमाणे गिअर चुकवायला गेलो, तर हाताने बरोबर टाकला. बंद पाडायची म्हणून क्लच झटकन सोडायला गेलो, तर पायाने तो हळू सोडला. वळणावर कडेला घालायचा बेत होता, तिथे जीप अशी वळली की पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. ठरवूनही चुकता येईना. जीपची एकच फेरी ठरली होती, मी चार मारल्या. थांबावंसंच वाटेना. रस्ता मोकळा, वारा तोंडावर, आणि माझ्या शेजारी घाबरलेलं, अंग चोरून बसलेलं कुणी नाही. चोवीस वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. लाज वाटते, पण झाला.

उतरलो तर टाळ्या. दोन नाही. सगळ्यांच्या. अभिमनने शिटी मारली. आणि तेव्हा कळलं की मी काय करून बसलोय. सगळ्या धुळे जिल्ह्यासमोर मी डावीकडच्या स्टेअरिंगची जाहिरात केली होती. फुकट.

हिलाल तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. नुसता बघत होता. भाषण खिशातच राहिलं.


२४ मार्च, सोमवार. सकाळी ७.

शब्द म्हणजे शब्द. पाटी उतरवली. एकट्याने. शिडी डगमगत होती. खाली कुणीतरी धरली. बघितलं तर हिलाल. मी म्हटलं सोड. त्याने सोडली नाही. मी उतरेपर्यंत धरून राहिला.

सूड संपलेला नाही. फक्त रीत बदलावी लागेल.


२६ मार्च, बुधवार. दुपारी ४.

विजय.

हिलाल घरी आला. वाकून पाया पडला. म्हणाला, "सर, चौदा वर्षांत डावीकडून इतक्या सफाईने चालवणारा माणूस मी बघितला नाही. तिकडे जाणाऱ्या पोरांची बॅच वाढलीय, मला एकट्याला होत नाही. जीपची बॅच तुम्ही घ्या."

म्हणजे शरणागती. शत्रू दारात आला, पायावर पडला आणि आपलं निम्मं राज्य देऊ केलं. इतिहासात असे सूड थोडेच. मी विचार करून सांगतो म्हटलं, आवाज जड ठेवला.

तो गेल्यावर हेमलताला म्हटलं, बघितलंस, आला की नाही वठणीवर? ती पाण्याचा तांब्या उचलत होती. म्हणाली, "त्याला तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. तरी आला." आणि आत गेली.

तिला विजय कधी ओळखताच आला नाही. हो म्हणून कळवलं. पाडव्याला मुहूर्त.

मनातला डाव: आतून पोखरायचं. तीन महिन्यांत सगळे विद्यार्थी 'चुडामण सर, चुडामण सर' करतील आणि हिलाल पलीकडे माश्या मारत बसेल.


३० मार्च, रविवार. पाडवा. सकाळी ११.

आठ वाजता नरडाण्याला पोचलो. पांढरा शर्ट. पहिला विद्यार्थी बादल, शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला. वय तीस. मे महिन्यात मस्कतला जायचंय, तिकिटाची तयारी झालीय, गावाकडे दोन लहान पोरी आहेत. तिथली ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला नाही तर परत पाठवतील म्हणाला.

मी जीपच्या डाव्या दाराशी गेलो. बादल आधीच आत बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो माझ्याकडे. मग लक्षात आलं. शिकणारा स्टेअरिंगवर बसतो. शिकवणारा दुसरीकडे. वळसा घालून उजवीकडे जाऊन बसलो.

तिथे काही नाही. क्लच नाही, ब्रेक नाही. पायाखाली पत्रा. हात कुठे ठेवावेत कळेना, गुडघ्यांवर ठेवले.

बादलने चावी फिरवली. जीप उडी मारून बंद पडली. पुन्हा केली. पुन्हा बंद. माझा डावा पाय पत्रा दाबत होता. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर त्याने घाम पुसला आणि विचारलं, "सर, क्लच किती सोडू?"

मी म्हटलं, थोडा.

तो म्हणाला, थोडा म्हणजे किती?

विचार केला. खरंच केला. हे माझ्या पायाला चोवीस वर्षं माहीत होतं. तोंडाला कुणी कधी विचारलं नव्हतं. बादल थांबला होता, अगदी विश्वासाने, मी आता सांगणार म्हणून. रस्ता समोर मोकळा होता.

हिलालला हाक मारली. तो आला, मागच्या सीटवर बसला, मधून पुढे वाकला आणि बादलला सांगायला लागला. टाच खाली टेकव. हळूहळू वर घे. गाडी किंचित थरथरेल, तिथे थांब. घाई करू नकोस, ती स्वतःच निघेल. जीप निघाली.

मीही ऐकत होतो. एवढं सोपं होतं. चोवीस वर्षांत मी ते कुणालाच सांगितलं नाही.